तीन मैल

आईचे मामा, जिवाजी तारी,
बावीस वर्षं जहाजावर होते असं कळलं की
माझगावच्या चाळीत कुणीतरी विचारायचंच:
एडन पाहिलंत? मोंबासा? सिंगापूर?
मामा तपकीर झटकत म्हणायचे,
तीन मैल.
तेही एकदाच.

कुलाब्याच्या दांडीपलीकडे
दोन नांगरांवर खिळलेली त्यांची दिवाबोट.
लाल अंगाची. पोटात इंजिन नाही,
डोलकाठीला शीड नाही,
वर तेवढा एक कंदील, माणसाच्या उंचीचा.

आगबोटी लांबून थेट तोंडावर यायच्या,
दिवा ओळखायच्या
आणि मान वळवून निघून जायच्या.
आपल्याला बघून लोक वळसा घालतात
याचा आम्हाला पगार होता, मामा म्हणायचे.
गावात कुणी असं केलं असतं तर भांडलो असतो.

पंधरा दिवसांनी पडाव यायचा:
तांदूळ, सुकट, तेलाचे डबे, गोडं पाणी
आणि शिळ्या चिठ्ठ्या.
एकदा इब्राहिम सोलकरला मुलगी झाल्याची चिठ्ठी
आणि ती गेल्याची चिठ्ठी
एकाच पडावानं आली.
त्यानं आधी कुठली उघडली, मामांनी कधी सांगितलं नाही.
त्या रात्री वात कापायची पाळी
त्यानं कुणाला दिली नाही, एवढंच.

पौषात धुकं पडलं की दिवा आंधळा.
मग घंटा. मिनिटाला एक टोला,
कधी सहा सहा तास,
कुणी ऐकतंय का ते कळायची सोय नाही.
उत्तराचा भोंगा एकदाच वाजला,
तोही, सोलकरच्या मते, चुकून.

आणि मग जेठातली ती रात्र.
साखळी तुटल्याचा आवाज मोठा नव्हता,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढाच.
दुसरा नांगर तळ खरवडत सुटला
आणि पायाखालचं जहाज
चालू लागलं.

जिवा, दिवा!
सोलकर खालून ओरडला.
वात विझली असं वाटून मामा वर चढले,
ओल्या शिडीवरून, दातात काडेपेटी धरून.
वात छान जळत होती.
काचेवर काजळीचा ठिपका नव्हता.
खालून पुन्हा ओरड आली:
विझव!

जो खडक आम्ही राखत होतो
तो मागे राहिला होता, उघडा,
आणि आम्ही वाहत वाहत
भर पाण्यात खोटं बोलत होतो.

बावीस वर्षं वाऱ्याला जे जमलं नाही
ते मामांनी दोन बोटांनी
चावी फिरवून केलं.

मग तीन मैल, काळोखात.
कुणी बोललं नाही. भंडारी तेवढा
भातात मीठ टाकलं का, टाकलं का, म्हणत होता,
आणि चूल केव्हाच पाण्यात गेली होती.
सकाळी टगनं दोर फेकला.
परतीचे मैल मामा धरत नसत;
दुसऱ्याच्या दोरानं गेलेलं अंतर, म्हणायचे, आपलं नव्हे.

बोटीच्या वहीत त्यांच्या अक्षरात आहे:
दिवा विझवला, रात्री अडीच.
कारणाच्या रकान्यात:
जागेवर नव्हतो.

पुढे तिथे बोया आला.
बॅटरीवर डोळा मिचकावतो,
त्याला सुकट लागत नाही.
दिवाबोट दारूखान्याच्या चिखलात ओढली,
गॅसकटरनं नऊ दिवसांत संपवली.
चाळीतली पोरं बघायला गेली होती, मामा नाहीत.
मी तिथून एक पितळी खिळा आणला,
तो त्यांनी हातात घेऊन
उलटसुलट पाहिला, आणि म्हणाले,
हा आमचा नाही.

माझगाव सुटलं, आम्ही भांडुपला आलो.
नव्या जागेत मामांना झोप लागेना.
रात्री उठून ते गॅलरीतला दिवा घालवायचे,
आई पुन्हा लावायची,
ते पुन्हा घालवायचे.
मी विचारलं, का हो?
अंधारात त्यांचा हात अजून बटणावर होता.
म्हणाले, अरे,
कुणीतरी येईल ना इकडे.